धरणाचा आकडा आणि गावाची पायरी : मराठवाड्यातल्या सखल गावांनी पुराची तयारी कशी करावी

एप्रिलात टँकरमागे घागरी घेऊन धावणारं गाव सप्टेंबरात तहसीलमध्ये होडी मागतं, ही मराठवाड्याची तऱ्हा. दुष्काळाचं आपल्याला सगळं पाठ आहे. छावणी, टँकरच्या खेपा, विहीर अधिग्रहण यांपैकी काहीही विचारा, सांगता येतं. पूर आला की मात्र पारावरचा प्रत्येक जण म्हणतो, "असं कधी झालंच नव्हतं बघा."

झालं होतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि पैठण शहरात शिरलं. २०२१ च्या सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाचा उरलासुरला पाऊस मांजरा-तेरणेच्या खोऱ्यावर कोसळला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावात झोपेतल्या माणसांभोवती पाणी चढलं. पुढच्याच महिन्यात सीना, सिंदफणा, मांजरा पात्राबाहेर गेल्या आणि जायकवाडीचा विसर्ग तीन लाख क्युसेकवर पोचला. बहुतेक तारखा ऑगस्ट-सप्टेंबरच्या आहेत. धरणं पोळ्यापर्यंत भरत आलेली असतात, जमीन पिऊन तट्ट झालेली असते. मग पडलेला पाऊस सरळ वाहूनच येतो. म्हणून महालक्ष्म्या उठल्या की पावसाळा संपला, हा हिशेब नदीकाठच्यांनी सोडून द्यावा.

मी गंगथडीतला. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पुढचं सगळं काठावरच्या अनुभवातून आणि चुकांतून आलेलं आहे.

आधी ठरवा, तुम्हाला बुडवणारं पाणी कुठलं

'पूर' हा एकच शब्द आहे, पण पाणी चार तऱ्हेचं असतं आणि प्रत्येकाची तयारी वेगळी.

पहिलं धरणाचं. ते सांगून येतं, दरवाजे उघडण्याआधी इशारा निघतो. दुसरं ओढ्याचं. वर डोंगरपट्ट्यात धो धो पडलं की दोन तासांत गावात. बालाघाटाच्या पायथ्याची गावं याच्या तडाख्यात असतात आणि इथे कुठल्याही धरणाचा इशारा उपयोगी पडत नाही.

तिसरं तुंबीचं, आणि याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. मोठी नदी फुगलेली असली की तिला मिळणाऱ्या लहान नदीला, ओढ्याला वाट मिळत नाही. पाणी उलटं मागे सरकतं. गावात पावसाचा थेंब नसताना मागच्या बाजूने, लवणातून पाणी चढत येतं. नांदेड जिल्ह्यात धर्माबाद, उमरी, बिलोलीकडच्या लोकांना हे सांगायला नको. खाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणाचा फुगवटा त्यांच्या शिवारापर्यंत येतो. तुंबीचं पाणी ओढून नेत नाही, पण चार-चार दिवस हटत नाही. पीक कुजतं, मातीच्या भिंती बसतात.

चौथं नुसतं साचलेलं. आपली काळी जमीन ओली झाली की फुगते, तिच्या भेगा मिटतात, मग पाणी खाली मुरतच नाही. शेत चिबडतं. नदी दोन कोसांवर असली तरी सोयाबीन पिवळं पडतं.

गावच्या नकाशावर किंवा साध्या कागदावर वेगवेगळ्या रंगाने ही चार पाणी कुठून येतात ते काढा. ग्रामसभेत एका बैठकीत होतं. जुन्या बायकांना जरूर विचारा. पाणी कुठल्या उंबऱ्याला लागलं होतं हे त्यांना पुरुषांपेक्षा नेमकं आठवतं, कारण चूल त्यांनीच उचललेली असते.

क्युसेकचं पायरीत भाषांतर

माझ्या मते सगळ्या तयारीत हे काम पहिलं. मोबाईलवर बातमी येते, 'जायकवाडीतून एक लाख क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा.' पण आमच्या शाळेत पाणी येणार की नाही? कोणी सांगत नाही, आणि पैठणला बसलेल्या इंजिनिअरला ते सांगताही येणार नाही. ते गावानेच काढायचं.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. लाख क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे २८० टँकर, दर सेकंदाला. असा विसर्ग २४ तास चालला तर साडेआठ टीएमसीपेक्षा (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) जास्त पाणी तुमच्या घाटावरून जातं. टँकरचा हिशेब आपल्याला कळतो म्हणून सांगितलं.

आता करायचं असं.

घाटाच्या पायऱ्या, पुलाचा खांब, मारुतीचा पार अशी न हलणारी जागा धरा. वरून खाली दर अर्ध्या फुटाला ऑइलपेंटने पट्टा ओढा, आकडे घाला. एक जाड वही करा. जेव्हा जेव्हा विसर्ग सुटेल तेव्हा चार गोष्टी लिहा : कुठल्या धरणातून किती, किती वाजता सुटलं, आपल्या घाटावर पाणी किती वाजता वाढायला लागलं, आणि कुठल्या पट्ट्यापर्यंत आलं. एका हंगामात दोन-तीन नोंदी झाल्या तरी पाणी पोचायला आपल्या गावाला किती तास लागतात हे हाताशी येतं. पुढच्या वेळी बातमी आली की घड्याळ लावता येतं.

बेरीज करायला मात्र विसरू नका. माजलगाव धरणाचं पाणी सिंदफणेतून मंजरथला गंगेत मिळतं. त्यामुळे सोनपेठ, गंगाखेडकडच्यांनी जायकवाडीचा आकडा एकटा धरला तर फसगत ठरलेली. नांदेडकरांना त्यात पूर्णेचंही पाणी धरावं लागतं, म्हणजे येलदरी-सिद्धेश्वर आणि सेलूजवळचं निम्न दुधना. लातूर-निलंगा पट्ट्याने धनेगावच्या मांजरा धरणासोबत तेरणेकडे बघावं. वहीत प्रत्येक धरणाला वेगळा रकाना ठेवा.

मग ही खूण घरोघर न्यायची. त्यासाठी गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाईप पुरतो. जुन्या पुराची रेघ देवळाच्या भिंतीवर माहीत असेल, तर पाईपमध्ये पाणी भरून तीच पातळी गल्लीतल्या खांबावर, घराच्या भिंतीवर उतरवता येते. दोन पोरं आणि एक गवंडी, चार दिवसांचं काम. त्यानंतर प्रत्येक घराला कळतं की आपला उंबरा त्या रेघेच्या किती खाली आहे. आमच्याकडे हे केलं तेव्हा एक विचित्र गोष्ट निघाली : पुरात माणसं हलवायची म्हणून ठरवलेली शाळेची खोली वेशीजवळच्या घरांपेक्षा हातभर खाली होती! शाळेला फुकट मिळालेली गायरान जमीन, ती सखलच असायची.

पाटबंधारे विभागाने नदीची पूररेषा आखली असेल तर तीही बघा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तिथे नवं बांधकाम नको. घरकुल मंजूर झालंय म्हणून तिथेच पाया खणणाऱ्याला गावानेच थांबवावं.

निरोपाची साखळी

जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, आपत्कालीन ११२. 'सचेत' अॅप मोबाईलवर ठेवा. एवढं सगळे सांगतात. पण प्रत्यक्षात काय होतं? वीज जाते, थोड्या तासांत टॉवरची बॅटरी बसते आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा इशारा दुसऱ्या दिवशी दुपारी टिंगटिंग वाजतो.

म्हणून नदीच्या वरच्या अंगाला, दहा-पंधरा आणि पंचवीस-तीस किलोमीटरवर, दोन माणसं धरून ठेवा. काठावरचा हॉटेलवाला, देवळाचा पुजारी, कोळी बांधव, कोणीही. सोयरीक असेल तर उत्तमच. त्यांनी पाणी चढताना फक्त एक फोन करायचा, तुम्ही तसाच खालच्या गावाला करायचा. गावात देवळाचा आणि मशिदीचा भोंगा, तो बंद पडला तर दवंडी. भोंग्याला इन्व्हर्टरची बॅटरी जोडून ठेवा. विसर्ग मोठा असेल त्या रात्री दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून कोणीतरी पट्ट्याजवळ बॅटरी घेऊन बसलंच पाहिजे. झोपेत आलेलं पाणी सर्वांत वाईट.

ओढ्याकाठच्या गावांना हे पुरत नाही. त्यांनी पाऊस मोजावा. सरळ उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवा, आत पट्टी बुडवून मिलिमीटर वाचा, झाला पर्जन्यमापक. सरकारदरबारी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पण ओढ्याला चोवीस तासांचं देणंघेणं नसतं. तासाभरात डब्यात ५० मिलिमीटर भरलं आणि वरच्या डोंगरावर तसंच काळं दिसतंय, तर सखल गल्ली रिकामी करायला घ्या. हा माझा अंदाजपंचे नियम आहे. तुमच्या ओढ्याचा तुम्ही बसवा.

वर पाझर तलाव असेल तर पावसाळ्यात आठवड्याला एकदा कोणी तरी पाळीवर चक्कर मारावी. पायथ्याला निवळ पाणी पाझरत असतं, त्याची भीती नाही. ते गढूळ यायला लागलं तर आतून माती निघतेय. त्या क्षणी तहसीलला कळवा आणि खालची घरं हलवा. पाळीवर आडवी भेग, उंदीर-घुशींची बिळं, सांडव्यात कोणी टाकलेली माती किंवा कचरा, हेही बघायचं. मासे अडवायला सांडव्यात जाळी-दगड लावणारे असतात, त्यांच्याशी भांडण करावं लागलं तर करा.

मे महिन्याची कामं

कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाळ्याआधी निघाल्याच पाहिजेत. त्या राहिल्या की बंधारा नदीलाच आडवा येतो, पाणी बाजूने काठ फोडून वावरं खरडतं. रस्त्याखालच्या नळकांड्या, ओढ्यातली वेडी बाभूळ, पांदणीवर भराव टाकून बुजवलेले जुने चर मोकळे करा. आपल्या भागातला निम्मा 'पूर' हा अडलेल्या नळकांडीचा असतो आणि अडवणारा बहुधा वजनदार माणूस असतो, म्हणून बोललं जात नाही.

जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस मे-जूनमध्ये टोचून घ्या. कानातल्या बिल्ल्यांचा फोटो काढून ठेवा, तो पुढे लागणार आहे. कडब्याची गंजी ओढ्याच्या बाजूला रचू नका.

एक यादी करा : चालता न येणारे म्हातारे, बाळंतिणी, डायलिसिसवाले, दिव्यांग. आठवा-नववा महिना असलेल्या लेकी-सुनांना मोठ्या विसर्गाची बातमी येताच तालुक्याच्या गावी हलवा, पूल बुडायच्या आत. त्याच यादीत आखाड्यावर राहणारे सालगडी आणि नदीपात्रात उतरलेले मेंढपाळ घाला. हे मतदार यादीत तुमच्या गावचे नसतात, म्हणून कुठल्याच यादीत नसतात. होडी मात्र बहुतेक वेळा त्यांच्यासाठीच मागवावी लागते.

पाणी चढताना

उजेडात हला. तुमच्या वहीनुसार पाणी रात्री येणार असेल तर दिवेलागणीच्या आत.

आधी जनावरं. वर नेता आली तर न्या. नाही जमलं तर दावी सोडा, सुटत नसतील तर विळ्याने कापा. मोकळी गाय-म्हैस पोहून कुठेतरी लागते, दाव्याला बांधलेली गोठ्यातच मरते. मग घरातला मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवायचा, धान्य माळ्यावर. कागदं (सातबारा, आधार, पासबुक) जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावर. औषधं, टॉर्च, दोन दिवसांचं कोरडं खाणं आणि निघायचं.

नदीवरच्या मोटारीसाठी परत जाऊ नका. मोटार, स्टार्टर, केबल काढायची वेळ विसर्गाची बातमी आल्या आल्या असते, पाणी बांधाला लागल्यावर नाही. माझा चुलतभाऊ स्टार्टरचा डबा काढायला गेला आणि आठ तास लिंबाच्या झाडावर बसून राहिला. नशिबाने उतरला. स्टार्टर गेला तो गेलाच.

आणि पूल. 'गुडघाभरच आहे' म्हणत मोटारसायकल घातली जाते. वाहतं गुडघाभर पाणी उभ्या माणसाचे पाय उचलतं, फूट-दोन फूट पाण्यात चारचाकी तरंगायला लागते. ट्रॅक्टरवाल्यांना वाटतं आपलं वजन आहे. ट्रॉली बाजूने पाणी धरते आणि तीच ट्रॅक्टरला ओढून नेते. शिवाय पाण्याखाली पूल शिल्लक आहे की मधला गाळा वाहून गेलाय हे वरून दिसत नाही. दोन्ही टोकांना बैलगाडी आडवी लावून दोन दांडगी पोरं उभी करा.

पाणी उतरल्यावर

घरात शिरताना काठी आपटत जा. नाग, घोणस, मण्यार कोरड्या जागेच्या शोधात माळ्यावर, गाद्यांत, चुलीच्या भानोशीत येऊन बसलेले असतात. चावला तर कापणं, आवळून बांधणं, मांत्रिक यांत वेळ न घालवता सरकारी दवाखाना. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. वायरिंग वाळून तपासल्याशिवाय मेन स्विच वर करायचा नाही. तुटलेल्या तारेजवळ, वाकलेल्या डीपीजवळ पोरांना जाऊ देऊ नका.

पुराचं पाणी शिरलेली विहीर उपसून घ्या, मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. नेहमीचं प्रमाण हजार लिटरला सुमारे ५ ग्रॅम. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८, सगळं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. ५ मीटर व्यास, ४ मीटर पाणी असेल तर ७८ हजार लिटर, ४०० ग्रॅमच्या आसपास टीसीएल. अर्ध्या-एक तासाने ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरिन उरलंय का ते दाखवणारी) पिवळा रंग आला नाही तर आणखी टाका. त्यानंतरही महिनाभर उकळूनच प्या.

आता पंचनामा. मराठवाड्यात पुराने जितके शेतकरी बुडतात तितकेच कागदाने बुडतात, म्हणून इथे जरा थांबू.

साफसफाई करण्याआधी फोटो काढा, तारीख आणि ठिकाण उमटेल असे. गट नंबर पाटीवर लिहून ती पाटी फोटोत धरा. खरडलेल्या जमिनीचा एक फोटो बांधापासून लांबून, एक खोली दाखवणारा, शेजारी काठी उभी करून. मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घ्या (१९६२ वर फोन करा), बिल्ल्याचा फोटो जोडा. जनावर वाहून गेलं असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात. हुद्द्यांची नावं अलीकडे बदललीत, माणसं तीच आहेत. ते रस्त्याकडेचं एक शेत पाहून परत निघाले तर हात धरून लवणापर्यंत न्या. सही करण्यापूर्वी क्षेत्र आणि पीक वाचा.

ई-पीक पाहणी वेळेत केलेली नसेल तर वावरात कापूस असूनही कागदावर पडीक दिसते. फार्मर आयडी, आधारला जोडलेलं खातं, ई-केवायसी पावसाळ्याआधीच उरकून ठेवा. सामाईक खातं असेल तर भावांची संमती लागते आणि पूर आल्यावर भाऊ आठवत बसायला वेळ नसतो. यादी ग्रामपंचायतीत लागली की बघा. नाव नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

विम्याबद्दल सावध करतो. '७२ तासांत कंपनीला कळवा' हे वाक्य सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. पण २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातल्या निवडक शेतांच्या सरासरी उत्पादनावर आली. तुमचं एकट्याचं वावर बुडालं म्हणून विमा मिळेलच असं धरू नका. त्या वर्षीचे नियम हप्ता भरतानाच कृषी कार्यालयात विचारा. सरकारी मदतीचे दरही बदलतात. ऑक्टोबर २०२५ च्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंत कामं होती, गाळ भरलेल्या विहिरीला ३० हजार. रोजगार हमीचा भाग आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो.

वावरात

साचलेलं पाणी उताराच्या बाजूने चर काढून आधी बाहेर. वाफसा येईपर्यंत पाय घालू नका, काळी माती तुडवली की वीट होते. कपाशीची झाडं पाणी ओसरल्यावर अचानक मान टाकतात, तो आकस्मिक मर. परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे : १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश, २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड, झाडाला १०० मिलि आळवणी. झाडं लोळायला लागल्यापासून दिवसा-दोन दिवसांत केली तर उपयोग. कापून पडलेलं सोयाबीन भिजलं असेल तर ढीग मोडून पातळ पसरा, ढिगात ते तापतं आणि कोंब धरतं. बियाण्याला ते ठेवू नका. तूर बऱ्याचदा वाचत नाही, मनाची तयारी ठेवा.

पुढच्या वर्षी सखल तुकड्यात सोयाबीन रुंद सरी वरंब्यावर पेरा. सरीतून जादा पाणी निघून जातं, आणि पावसाने ओढ दिली तर तीच सरी ओल धरते. आणि पुराने आणलेला बारीक, मऊ गाळ उचलून फेकू नका. त्यात हरभरा, करडई चांगली येते. वाळू आली असेल तर मात्र काढावीच लागते.

या सगळ्या धांदलीत एक काम पहिल्याच दिवशी करा. पाणी ओसरलं की भिंतींवर चिखलाची रेघ उरते. बाया लगेच भिंत धुवायला घेतात, साहजिक आहे. त्यांना घटकाभर थांबवा. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन देवळाच्या, शाळेच्या, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर त्या रेघेवरून ब्रश ओढा. खाली तारीख, आणि त्या दिवशी वरच्या धरणांतून सुटलेला सर्वांत मोठा आकडा.